वेब सर्व्हिसमधे रिक्वेस्ट नल येतेय? आधी थ्रेड बघा, मग कोड

जावामधे वेब सर्व्हिस लिहिली की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. मेथड नीट चालतेय, डेटा येतोय जातोय, आणि मग कोणीतरी म्हणतं की कॉल कुठल्या आयपीवरून आला ते लॉगमधे पाहिजे, किंवा क्लायंट एक टोकन हेडरमधे पाठवणार आहे ते तपासा, आणि आपण मेथडकडे बघतो तर तिच्यात फक्त कस्टमर आयडी नि ऑर्डर नंबर असे दोन पॅरामीटर, एचटीटीपीचा कुठे मागमूसही नाही. साध्या सर्व्हलेटमधे, म्हणजे एचटीटीपी कॉल हाताळणाऱ्या जावा क्लासमधे, डूगेट, डूपोस्टला रिक्वेस्ट आयती हातात येते. इथे फ्रेमवर्क ती स्वतःकडेच ठेवतं आणि तेही मुद्दाम, सर्व्हिसच्या लॉजिकला खालून एचटीटीपी आहे की जेएमएस (जावाची मेसेज पाठवायची पद्धत) आहे हे कळायची गरज पडू नये म्हणून.

मग होतं काय, तर शोधून चार ओळींचा कोड आणून चिकटवला जातो, तो एका मशीनवर चालतो, टेस्ट सर्व्हरवर गेला की नल पॉइंटर, म्हणजे रिकाम्या व्हेरिएबलवर कॉल केल्याची एरर, मग दुसरा कोड शोधला जातो, तो चालतो पण लोड आला की एकाचा आयपी दुसऱ्याच्या लॉगमधे दिसायला लागतो. हे सगळं परत परत बघून माझं मत पक्कं झालंय की यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजून बसतात. रिक्वेस्ट कशी मागायची हे फ्रेमवर्कवर ठरतं. ती मिळेल की नाही हे तुमचा कोड त्या क्षणी कुठल्या थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कुठल्या धाग्यावर) चाललाय त्यावर ठरतं. पहिल्याचं उत्तर कुठेही मिळतं, दुसऱ्याकडे कोणी बघतच नाही, म्हणून मी खाली त्यावर जास्त लिहिलंय.

सोप (एक्सएमएल मेसेजवाली) सर्व्हिस, म्हणजे जावाचं जॅक्स-डब्ल्यूएस असेल तर

क्लासमधे वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट टाइपचं एक फील्ड घ्यायचं, त्यावर @रिसोर्स लावायचं, आणि मेथडच्या आत त्याच्यावर गेटमेसेजकॉन्टेक्स्ट कॉल करायचं. जो मेसेजकॉन्टेक्स्ट मिळतो तो एक मॅपच असतो, त्यातून मेसेजकॉन्टेक्स्ट डॉट सर्व्हलेट_रिक्वेस्ट या की ने व्हॅल्यू काढायची आणि एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्टला कास्ट करायची. झालं, मग त्यावर गेटरिमोटॲडर, गेटहेडर, सगळं चालतं.

पण फक्त हेडरच हवे असतील तर सर्व्हलेट_रिक्वेस्टच्या वाटेला जाऊच नका असं मी सांगेन. त्याच मॅपमधे एचटीटीपी_रिक्वेस्ट_हेडर्स ही की असते, तिथून हेडरचं नाव आणि त्याच्या व्हॅल्यूंची लिस्ट असा मॅप मिळतो, शिवाय एचटीटीपी_रिक्वेस्ट_मेथड, क्वेरी_स्ट्रिंग, पाथ_इन्फो पण तिथेच. फरक असा की या चार गोष्टी एचटीटीपीवर चालणाऱ्या कुठल्याही जॅक्स-डब्ल्यूएस एंडपॉइंटला मिळतात, आणि सर्व्हलेट_रिक्वेस्ट मिळते ती फक्त सर्व्हलेट कंटेनरमधे, म्हणजे टॉमकॅटसारख्या सर्व्हरमधे. तुम्ही एंडपॉइंट डॉट पब्लिश करून मेन मेथडमधून सर्व्हिस उठवली असेल तर तिथे जेडीकेचा स्वतःचा छोटा एचटीटीपी सर्व्हर असतो, सर्व्हलेट नावाचा प्रकारच नसतो, त्यामुळे नल येणार आणि ते बरोबरच आहे. बरेच जण लोकलला असं चालवतात आणि नल आला म्हणून तासन् तास ॲनोटेशन खालीवर करत बसतात. तिथे क्लायंटचा आयपी हवाच असेल तर रेफरन्स इम्प्लिमेंटेशनच्या जॅक्सडब्ल्यूएसप्रॉपर्टीजमधे एचटीटीपी_एक्सचेंज नावाचा कॉन्स्टंट आहे, त्यातून त्या छोट्या सर्व्हरचा एक्सचेंज ऑब्जेक्ट मिळतो आणि त्याच्यावर गेटरिमोटॲड्रेस. पण तो कोड त्या इम्प्लिमेंटेशनला बांधला जातो, त्यामुळे लोकल टेस्टपुरताच ठेवा.

हेडरच्या त्या मॅपबद्दल एक गोष्ट. एचटीटीपीमधे हेडरच्या नावाला लहान मोठ्या अक्षरांचा फरक नसतो आणि सर्व्हलेट रिक्वेस्टचं गेटहेडर ते सांभाळून घेतं. साधा जावा मॅप ते सांभाळेलच असं नाही. एचटीटीपी २ मधे तर हेडरची नावं वायरवर लहान अक्षरातच जातात, म्हणजे क्लायंटने ऑथोरायझेशनचा ए कॅपिटल लिहिला तरी तो तसा येईल याची खात्री नाही. म्हणून मॅपवर सरळ गेट मारण्यापेक्षा कीजवरून फिरून इक्वल्सइग्नोरकेसने शोधा, चार ओळी जास्त होतात पण नंतरची डोकेदुखी वाचते.

कॉन्टेक्स्टच नल असेल तर

हा वेगळा आजार आहे, सर्व्हलेट_रिक्वेस्ट नल येणं वेगळं आणि वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्टचं फील्डच नल असणं वेगळं. स्टॅक ट्रेसमधली ओळ नीट बघा, कुठल्या डॉटवर नल पॉइंटर आलाय ते आधी ठरवा. जावा १४ पासून नल पॉइंटरचा मेसेज कुठलं व्हेरिएबल नल होतं ते सांगू शकतो आणि १५ पासून ते बाय डिफॉल्ट चालू आहे, जुनं व्हर्जन असेल तर ओळ दोन तीन तुकड्यांत तोडून बघा.

फील्ड नल असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तो ऑब्जेक्ट तुम्ही स्वतः न्यू करून बनवलाय. सर्व्हिस क्लासच्या आतून हेल्पर क्लास न्यू केला आणि हेल्परमधे @रिसोर्स लावलं तर ते कोण भरणार? इंजेक्शन, म्हणजे फील्ड आपोआप भरून मिळणं, फक्त कंटेनरने बनवलेल्या ऑब्जेक्टला मिळतं. कन्स्ट्रक्टरमधे फील्ड वापरलं तरी हेच, कारण कन्स्ट्रक्टर आधी चालतो आणि इंजेक्शन नंतर. कोणी म्हणतं मग पोस्टकन्स्ट्रक्टमधे घेऊ, तिथे फील्ड भरलेलं असतं हे खरं, पण अजून कुठलीच रिक्वेस्ट चालू नसते त्यामुळे गेटमेसेजकॉन्टेक्स्टला काही अर्थ नाही, इल्लीगलस्टेटएक्सेप्शन येतो.

दुसरं कारण हल्ली फार दिसतं, जावाएक्स आणि जकार्ता या जुन्या नि नव्या पॅकेज नावांची सरमिसळ. जावा ११ मधे जॅक्स-डब्ल्यूएस जेडीकेमधून काढून टाकलं, त्याच्याबरोबर @रिसोर्स ज्या पॅकेजमधे होतं ते जावाएक्स डॉट ॲनोटेशनही गेलं. मग जावा ८ वरून वर येताना कंपाइल होत नाही म्हणून डिपेंडन्सी टाकली जाते, आणि इथेच गोची होते, कारण जकार्ता डॉट ॲनोटेशन-एपीआय या एकाच नावाच्या जारमधे १.३ च्या व्हर्जनपर्यंत आतलं पॅकेज जावाएक्सच आहे आणि २.० पासून ते जकार्ता झालं. आयडीईने इम्पोर्ट सुचवला, आपण एंटर मारला, कोड कंपाइल झाला, डिप्लॉय झाला, एरर नाही वॉर्निंग नाही, आणि फील्ड नल. कंटेनर ज्या पॅकेजचं ॲनोटेशन ओळखतो ते सोडून बाकीच्यांकडे तो बघतसुद्धा नाही. टॉमकॅट ९ जावाएक्सवाला, टॉमकॅट १० पासून जकार्तावाला, स्प्रिंग बूट ३ पण जकार्तावाला. क्लासच्या वरचे इम्पोर्ट वाचा, @वेबसर्व्हिस एका कुळातलं आणि @रिसोर्स दुसऱ्या कुळातलं दिसलं की तिथेच थांबा, बाकी काही तपासायची गरज नाही.

इम्पोर्टवरूनच आठवलं, मेसेजकॉन्टेक्स्ट नावाचे क्लास बरेच आहेत. जॅक्स-डब्ल्यूएसचा वेगळा, ॲक्सिस या सोप लायब्ररीचा वेगळा, ॲक्सिस-२ चा वेगळा, स्प्रिंग-डब्ल्यूएसचा वेगळा. जुन्या प्रोजेक्टमधे दोन तीन एकदम क्लासपाथवर असतात आणि आयडीई पहिला जो सापडेल तो उचलतो. ॲक्सिस १ मधे गेटकरंटकॉन्टेक्स्ट ही स्टॅटिक मेथड आहे, ॲक्सिस-२ मधे तीच गेटकरंटमेसेजकॉन्टेक्स्ट होते, आणि दोन्हीकडे गेटप्रॉपर्टीला एचटीटीपीकॉन्स्टंट्स डॉट एमसी_एचटीटीपी_सर्व्हलेटरिक्वेस्ट द्यायचं. दोन्हीकडचा एचटीटीपीकॉन्स्टंट्सही आपापल्या पॅकेजमधला घ्या. सीएक्सएफ ही लायब्ररी असेल तर वर सांगितलेली स्टँडर्ड पद्धत चालते, इंटरसेप्टरच्या आत असाल तर फेजइंटरसेप्टरचेन डॉट गेटकरंटमेसेजवरून मेसेज घ्या आणि त्यातून ॲबस्ट्रॅक्टएचटीटीपीडेस्टिनेशन डॉट एचटीटीपी_रिक्वेस्ट काढा.

रेस्ट असेल तर

जॅक्स-आरएसमधे, म्हणजे जावाच्या रेस्ट सर्व्हिसमधे, काम सोपं आहे, @कॉन्टेक्स्ट लावून मेथडच्या पॅरामीटरमधेच एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट मागा. फील्डमधेही चालतं, पण मी पॅरामीटरच सुचवेन, कारण मग ती व्हॅल्यू त्या एका कॉलपुरती आहे हे वाचणाऱ्याला दिसतं आणि टेस्ट लिहिताना हाताने देता येते. एकच हेडर पाहिजे असेल तर @हेडरपॅराम पुरे, सगळे पाहिजेत तर @कॉन्टेक्स्ट एचटीटीपीहेडर्स, यूआरएलबद्दल काही हवं असेल तर यूआरआयइन्फो. ही दोन्ही सर्व्हलेट नसलेल्या सर्व्हरवरही चालतात, ग्रिझली हा सर्व्हर थेट वापरणाऱ्यांनी सर्व्हलेट रिक्वेस्ट मागून ती मिळत नाही अशी तक्रार करू नये.

आता खरा मुद्दा, थ्रेड

वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्टचं फील्ड एकच असतं, सर्व्हिसचा ऑब्जेक्टही बहुतेक वेळा एकच असतो, आणि तरी शंभर क्लायंट एकदम आले तर प्रत्येकाला आपापली रिक्वेस्ट बरोबर मिळते. ही किमया होते ती बहुतेक ठिकाणी थ्रेडलोकलमुळे, म्हणजे प्रत्येक थ्रेडची वेगळी व्हॅल्यू ठेवणाऱ्या व्हेरिएबलमुळे. इंजेक्ट झालेला ऑब्जेक्ट हा नुसता दरवाजा असतो, तुम्ही गेट म्हणालात की तो बघतो की आत्ता कोण थ्रेड विचारतोय आणि त्या थ्रेडला बांधलेली रिक्वेस्ट देतो. ॲक्सिसचं गेटकरंट काय, सीएक्सएफचं काय, स्प्रिंगचा रिक्वेस्टकॉन्टेक्स्टहोल्डर काय, आत सगळीकडे हीच युक्ती आहे.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, तो दरवाजा फील्डमधे ठेवला तर चालतो, पण त्यातून बाहेर आलेली रिक्वेस्ट फील्डमधे ठेवली तर घात होतो. सर्व्हिस क्लासमधे प्रायव्हेट एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट असं फील्ड करून मेथडच्या पहिल्या ओळीत त्यात व्हॅल्यू टाकली, आणि तीन मेथड खाली ती वाचली, तर मधल्या वेळात दुसऱ्या क्लायंटने ती बदललेली असू शकते. एका माणसाच्या टेस्टिंगमधे हे कधीच सापडत नाही. एकाचा आयपी दुसऱ्याच्या लॉगमधे, एकाचं टोकन दुसऱ्याच्या व्यवहारावर, हे असं घडतं आणि सिक्युरिटीच्या दृष्टीने हे नल येण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. असं फील्ड दिसलं की ताबडतोब काढा.

दोन, तुम्ही थ्रेड बदलला की दरवाजाच्या मागे काही नाही. आणि थ्रेड बदलला हे कोडमधे पटकन दिसत नाही, कारण @असिंक लावलेली, वेगळ्या थ्रेडवर चालणारी मेथड साध्या मेथडसारखीच दिसते. म्हणून मी म्हणतो की कोड बदलण्याआधी लॉगमधे थ्रेडचं नाव छापा. मेथडच्या सुरुवातीला एक ओळ, आणि जिथे नल येतोय त्याच्या बरोबर आधी एक ओळ, थ्रेड डॉट करंटथ्रेड डॉट गेटनेम. टॉमकॅटवर पहिली ओळ साधारण एचटीटीपी-निओ-८०८०-एक्झेक-५ अशी दिसेल. दुसऱ्या ओळीतही तेच नाव असेल तर प्रश्न इंजेक्शनचा किंवा फ्रेमवर्कचा, वर जा. दुसऱ्या ओळीत पूल-२-थ्रेड-१ दिसलं तर कोणीतरी एक्झिक्युटरमधे, म्हणजे तयार थ्रेडच्या पूलमधे, काम टाकलंय. फोर्कजॉइनपूल डॉट कॉमनपूल-वर्कर-१ असं दिसलं तर कंप्लीटेबलफ्युचरला एक्झिक्युटर न देता सप्लायअसिंक केलंय किंवा कुठेतरी पॅरलल स्ट्रीम आहे.

पॅरलल स्ट्रीमची केस सगळ्यात फसवी. त्यात मूळ थ्रेडही कामाला हातभार लावतो, त्यामुळे लिस्टमधल्या काही रेकॉर्डना हेडर मिळतो आणि काहींना नाही, परत चालवलं की वेगळ्याच रेकॉर्डना मिळतो. टीममधे मग डेटा खराब आहे अशी चर्चा सुरू होते आणि दिवस त्यात जातो. असं अर्धवट चालणं दिसलं की पहिला संशय थ्रेडवर घ्या.

मग उपाय काय? बरेच जण सांगतात की रिक्वेस्ट ऑब्जेक्टच दुसऱ्या थ्रेडला पास करा, किंवा स्प्रिंगमधे इनहेरिटेबल ट्रू करा. दोन्ही करू नका. टॉमकॅट रिक्वेस्टचे ऑब्जेक्ट फेकून देत नाही, रिस्पॉन्स गेला की ते पुसून पुढच्या कॉलला परत वापरतो. तुमचा मागचा थ्रेड दोन सेकंदांनी हेडर वाचायला गेला तर कधी नल मिळतो, कधी रिक्वेस्ट ऑब्जेक्ट रिसायकल झालाय अशा मेसेजचा इल्लीगलस्टेटएक्सेप्शन. आणि इनहेरिटेबलचं म्हणाल तर नवा थ्रेड जन्माला येताना व्हॅल्यू वारशाने मिळते, पण पूलमधले थ्रेड एकदाच जन्मतात, मग ते ती जुनीच रिक्वेस्ट धरून बसतात.

बरोबर पद्धत साधी आहे. मूळ थ्रेडवर असतानाच तुम्हाला जे पाहिजे ते काढून घ्या, आयपीची स्ट्रिंग, टोकनची स्ट्रिंग, युझर एजंट, ट्रेस आयडी, एक छोटा रेकॉर्ड करा ज्याच्यात फक्त स्ट्रिंग आहेत, आणि तो रेकॉर्ड पॅरामीटर म्हणून आत पाठवा. खोलवरच्या मेथडांना एक पॅरामीटर वाढतो, हो, सिग्नेचर बदलाव्या लागतात, पण त्या बदल्यात ती मेथड कुठल्याही थ्रेडवर चालते, जेयुनिटमधे कंटेनरशिवाय चालते, आणि सोप जाऊन रेस्ट आलं तरी तिला हात लावावा लागत नाही. मला तरी हीच एक पद्धत वर्षानुवर्षं टिकताना दिसलीय.

पॅरामीटर पाठवणं शक्यच नसेल, कोड जुना आहे, शंभर ठिकाणी बदल आहेत, तर सर्व्हलेट फिल्टर लिहून त्यात स्वतःचा थ्रेडलोकल भरा, पण फायनलीमधे रिमूव्ह केल्याशिवाय ते सोडू नका. थ्रेड पूलमधे परत जातो, पुढच्या कॉलला तोच येतो, आणि पुढच्या कॉलमधे टोकन नसेल तर त्याला मागच्याचं टोकन दिसतं.

स्प्रिंगवाल्यांसाठी एवढंच, नो थ्रेड-बाउंड रिक्वेस्ट फाउंड असा मेसेज आला आणि थ्रेडचं नाव मात्र बरोबर असेल, तर बहुधा तुमचा सोपवाला सर्व्हलेट डिस्पॅचरसर्व्हलेटच्या बाहेर आहे. रिक्वेस्टकॉन्टेक्स्टहोल्डर भरायचं काम डिस्पॅचर करतो, सीएक्सएफचा सर्व्हलेट ते करत नाही. वेब डॉट एक्सएमएलमधे रिक्वेस्टकॉन्टेक्स्टलिसनर टाका.

रिक्वेस्ट मिळाली, पण आतली माहिती चुकीची

सगळ्यांचा आयपी एकच दिसतोय, तर समोर कॉल घेऊन पुढे पाठवणारा प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर आहे. गेटरिमोटॲडर खोटं बोलत नाही, टीसीपी कनेक्शन ज्याने उघडलं त्याचा पत्ता ते देतं आणि तो प्रॉक्सी आहे. खरा क्लायंट एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमधे असतो, स्वल्पविरामाने तोडलेल्या यादीत. बहुतेक कोडमधे या यादीतला पहिला पत्ता उचलतात, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण डावीकडचा भाग क्लायंट स्वतः वाट्टेल तो लिहून पाठवू शकतो. नुसत्या लॉगसाठी ठीक, पण आयपी बघून परवानगी देत असाल तर दार सताड उघडं आहे. उजवीकडून सुरू करा, आपले माहितीचे प्रॉक्सी वगळत या, पहिला अनोळखी पत्ता तो क्लायंट. हे हाताने लिहू नका, टॉमकॅटचा रिमोटआयपीव्हाल्व्ह हेच करतो, आणि तो लावला की गेटरिमोटॲडरच बरोबर पत्ता द्यायला लागतं. स्प्रिंग बूटमधे सर्व्हर डॉट फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी ही प्रॉपर्टी आहे.

डब्ल्यूएसडीएलमधे, म्हणजे सोप सर्व्हिसचं वर्णन असलेल्या फाइलमधे, एचटीटीपीएसच्या जागी एचटीटीपी आणि आतल्या मशीनचं नाव येत असेल तर तेही याच घरातलं, टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) प्रॉक्सीवर संपतं आणि ॲपला ते कळत नाही. प्रॉक्सीने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो पाठवलं पाहिजे आणि व्हाल्व्हने ते वाचलं पाहिजे.

लोकलला आयपीच्या जागी शून्य, कोलन, शून्य, कोलन आणि शेवटी एक असं काहीतरी आलं तर घाबरू नका, तो आयपीव्ही६ मधला लोकलहोस्ट आहे.

बॉडी रिकामी येणं हे अजून एक. रिक्वेस्टचा इनपुट स्ट्रीम एकदाच वाचता येतो. सोपमधे तुमच्या मेथडपर्यंत कंट्रोल आला म्हणजे इंजिनने तो वाचून संपवलाय, तिथे गेटइनपुटस्ट्रीम करून मूळ एक्सएमएल मिळणार नाही, त्यासाठी सोपहँडलर लिहा. रेस्टमधे उलटं होतं, आधीच्या एखाद्या फिल्टरने लॉगिंगसाठी गेटपॅरामीटर कॉल केला की फॉर्म पोस्टची बॉडी तिथेच वाचली जाते आणि बॉडी थेट वाचणाऱ्या तुमच्या मेथडला ती रिकामी मिळते. जर्सी ही जॅक्स-आरएसची लायब्ररी याची वॉर्निंग लॉगमधे स्पष्ट देतं, रिक्वेस्ट बॉडी सर्व्हलेटने किंवा फिल्टरने खाल्ली म्हणून, पण ती कोणी वाचत नाही. बॉडी दोनदा लागत असेल तर एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्टरॅपर लिहून बाइट्स साठवा, आकारावर मर्यादा मात्र घाला.

आणि एखादा हेडर क्लायंट शपथेवर सांगतो की पाठवलाय, तुमच्याकडे मात्र येतच नाही, तर हेडरच्या नावात अंडरस्कोर आहे का बघा. एनजिनएक्स हा प्रॉक्सी असे हेडर बाय डिफॉल्ट टाकून देतो, अंडरस्कोर्स_इन_हेडर्स ऑन केलं तरच पुढे सोडतो. शक्य असेल तर नावातच डॅश वापरा. खात्री करायची असेल तर कर्ल या कमांडने तोच हेडर घेऊन एकदा प्रॉक्सीतून आणि एकदा थेट ॲप सर्व्हरच्या पोर्टवर कॉल करा. थेट गेल्यावर हेडर दिसला तर जावा कोडला हात लावायचं कारण नाही, प्रॉक्सीची कॉन्फिग फाइल उघडा.